चौदा मजले, एक टाकी: खाली पाईप फुटतात, वर शॉवर येत नाही

पार्श्वभूमी

पुण्याच्या पश्चिमेकडच्या एका उपनगरातली ही सोसायटी. नाव-पत्ता, माणसं सगळं काढून टाकलंय, पण मजले आणि आकडे ठेवलेत कारण सगळं प्रकरण आकड्यांवरच उभं आहे. खाली पार्किंग, वर १४ मजले, मजल्याला ४ फ्लॅट म्हणजे ५६ घरं. टेरेसवर जिन्याच्या खोलीच्या डोक्यावर आरसीसीची ४०,००० लिटरची टाकी. टाकीचा तळ पार्किंगच्या फरशीपासून ४८ मीटरवर, आत पाणी २ मीटर खोल राहतं, म्हणजे टाकी भरली की पाण्याची लेव्हल बरोबर ५० मीटरवर. टाकीतून टेरेसभर लूप फिरवलाय आणि त्यातून १२ डाऊनटेक, म्हणजे पाणी खाली नेणारे उभे पाईप, डक्टमधून थेट खाली उतरतात, चौदाव्यापासून पहिल्यापर्यंत सगळ्यांना त्याच त्या लाईनवरून पाणी. मधे कुठे टाकी नाही की प्रेशर कमी करणारा व्हॉल्व्ह नाही.

ताबा मिळून सहा-सात वर्षं झालेली, बिल्डरचा काही संबंध उरलेला नाही. मी सोसायट्यांची पाण्याची कामं बघतो आणि मला बोलावलं तेव्हा लिफ्टच्या खड्ड्यात पाणी जाऊन लिफ्ट बंद पडलेली होती.

नेमका त्रास काय होता

दोन टोकांना दोन वेगळे त्रास, आणि कमिटीकडे त्यांच्या दोन वेगळ्या फाईली.

खालचे मजले, साधारण पहिला ते पाचवा: फ्लश टँकच्या मागचा कनेक्शन पाईप फुटणं, अँगल कॉकच्या स्पिंडलमधून गळती, फ्लश टँक भरला तरी आतून सतत झिरपत राहणं, डायव्हर्टरची कार्ट्रिज दर काही महिन्यांनी बदलणं, आणि वॉशिंग मशीनने पाणी घेणं थांबवलं की भिंतीत धाडकन आवाज. दुसऱ्या मजल्यावरचं कुटुंब गावाला गेलेलं असताना रात्री बेसिनखालचा पाईप सुटला, पाणी रात्रभर वाहिलं, त्यांचं लाकडी फर्निचर खालून फुगलं आणि जिन्यावरून उतरलेलं पाणी लिफ्टच्या खड्ड्यात गेलं. त्या ताई मला म्हणाल्या, "आम्ही नळ तर सगळे बंद करून गेलो होतो हो." खरंच केले होते. नळ बंद होते म्हणूनच तो पाईप सुटला, ते पुढे येतंच.

वरचे मजले, तेरावा आणि चौदावा: शॉवरची धार वीतभर अंतरावरच गळून पडते, गरम पाणी इतकं हळू येतं की बादली भरेपर्यंत गार होतं, फ्रंट लोड मशीन मधेच एरर दाखवून थांबतं. चौदाव्यावर एक आजी आहेत, गुडघ्यांमुळे त्यांना बादलीशी वाकणं जमत नाही, शॉवरखाली खुर्चीवर बसूनच अंघोळ करावी लागते, आणि नेमका शॉवरच चालत नाही. हा काही सोयी-गैरसोयीचा प्रश्न नाही, त्यांच्यासाठी रोजचा त्रास आहे.

सभेत व्हायचं काय तर खालचे म्हणायचे प्रेशर कमी करा, वरचे म्हणायचे वाढवा, आणि दोघंही खरं बोलत होते.

मला बोलावण्याआधी काय काय करून झालं

पहिला उपाय कमिटीतल्या एका काकांनी सुचवला होता. त्यांचं म्हणणं असं की टाकीत ४० हजार लिटर म्हणजे ४० टन पाणी, एवढं वजन डोक्यावर असल्यावर खालचे पाईप फुटणारच, तर टाकी अर्धीच भरू. फ्लोट खाली घेतला, टाकी २० हजारांवर थांबायला लागली.

दिसायला पटण्यासारखं आहे हे, म्हणून जरा थांबून बघूया. नळातल्या प्रेशरला टाकीत एकूण किती पाणी आहे त्याच्याशी देणंघेणं नाही. नळापासून पाण्याची वरची लेव्हल किती उंच आहे एवढंच मोजलं जातं. दर १० मीटर उंचीला साधारण १ किलो, म्हणजे १ किलो प्रति चौरस सेंटीमीटर, प्लंबर नुसतं किलो म्हणतात. टाकी अर्धी केल्याने लेव्हल फक्त १ मीटर खाली आली, म्हणजे सगळीकडे ०.१ किलो कमी झालं. पहिल्या मजल्यावर ४.६ चे ४.५ झाले, कुणाच्या लक्षातही आलं नसेल. चौदाव्याच्या शॉवरला मात्र ०.६ चे ०.५ झाले, सहावा हिस्सा गेला. शिवाय साठा निम्मा, त्यामुळे सकाळी टाकी तळाला जायला लागली आणि टँकर वेळेवर आला नाही तर सगळेच कोरडे. खालच्यांना काही मिळालं नाही आणि वरच्यांचं होतं तेही गेलं.

दुसरा उपाय प्लंबरचा. टेरेसवर ज्या डाऊनटेकवरून जास्त तक्रारी होत्या त्यांचे व्हॉल्व्ह त्याने अर्धे बंद केले. सकाळी खाली धार कमी झाली, लोकांना वाटलं जमलं. पण पाईप फुटायचे थांबले नाहीत, आणि ते फुटत होते रात्रीच.

याचं कारण सगळ्यांनी नीट समजून घ्यावं असं मला फार वाटतं, कारण ही चूक मी कितीतरी ठिकाणी बघतो. अर्धा बंद व्हॉल्व्ह पाणी वाहत असतानाच प्रेशर खातो. पाणी थांबलं की त्याच्या दोन्ही बाजूंना प्रेशर सारखं होतं, मग तो अर्धा उघडा असो की एक आटा उघडा असो. रात्री दोन वाजता कुणी नळ उघडत नाही, पंप चालून टाकी भरलेली असते, त्या वेळी पहिल्या मजल्यावर पूर्ण ४.६ किलो उभे असतात, पहाटेपर्यंत. दुसऱ्या मजल्यावरचा पाईप नळ बंद असताना सुटला तो त्यामुळे.

त्यात सकाळी उलटा त्रास सुरू झाला. व्हॉल्व्ह अर्धा बंद आणि खालची आठ-दहा घरं एकदम पाणी ओढतायत म्हटल्यावर डाऊनटेकच्या वरच्या भागात प्रेशर शून्याच्याही खाली जायला लागलं, चौदाव्यावर नळ उघडला की पाणी यायच्या ऐवजी हवा आत खेचल्याचा आवाज. हे नुसतं गैरसोयीचं नाही, धोक्याचं आहे. टॉयलेटचा जेट स्प्रे उघडा राहून बादलीत पडलेला असेल तर ते घाण पाणी लाईनमध्ये ओढलं जाऊ शकतं, आणि त्याच लाईनवर खालची घरं आहेत. मी गेल्या गेल्या पहिलं काम केलं ते हे सगळे व्हॉल्व्ह पूर्ण उघडायला लावले आणि फ्लोट परत वर घ्यायला सांगितला.

मोजमाप

आश्चर्य म्हणजे इतक्या वर्षांत कुणी गेज लावून बघितला नव्हता. प्रेशर गेज आणि नळाला लागणारा अडॅप्टर, हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळतं. टाकी भरल्यावर, रात्री उशिरा, सगळं शांत असताना, फरशीपासून १ मीटर उंचीच्या नळावर वाचन घेतलं. पहिला मजला ४.६ किलो, चौथा ३.७, सातवा २.८, दहावा १.९, चौदावा ०.७. तीन मजल्यांमागे ०.९, म्हणजे मजल्याला ०.३, आणि मजल्याची उंची ३ मीटर. शॉवर आणखी १ मीटर वर असतो म्हणून चौदाव्याच्या शॉवरला ०.६. हिशोब कागदावर आधीच करता येतो, गेज तेच सांगतो.

सकाळच्या गर्दीत पुन्हा घेतलं तेव्हा चौदाव्यावर ०.३ च्या आसपास उरत होतं, कारण वाहताना टेरेसच्या लूपमध्ये आणि बेंडमध्ये थोडं जातं. थोडंच जातं, पण ज्याच्याकडे मुळात ०.७ आहे त्याचं ते निम्मं.

आता ४.६ किलो म्हणजे पाईप फुटण्याएवढं आहे का? सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाण्यालाही चालणारा प्लास्टिकचा पाईप, यापेक्षा कितीतरी जास्त सहन करतो आणि डक्टमधला एकही पाईप फुटलेला नव्हता. फुटत होत्या त्या कमजोर गोष्टी, स्वस्तातले ब्रेडेड कनेक्शन पाईप, फ्लोट व्हॉल्व्हचे रबर, अँगल कॉकचे वॉशर. आणि नुसतं स्थिर प्रेशर नाही, वर धक्काही आहे. पाईपमधलं पाणी सेकंदाला १ मीटर वेगाने चाललंय आणि मशीनचा किंवा आरओचा सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारा व्हॉल्व्ह, झटकन बंद झाला तर सीपीव्हीसीत क्षणभर ५ किलोच्या आसपास जादा उसळी येते. आधीचे ४.६ आणि वर हे, दिवसातून कित्येकदा. भिंतीतला धाडकन आवाज तो हाच.

एक खूण तर स्वयंपाकघरातच होती. दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर आरओ बसवणाऱ्या मुलांनी प्रत्येक घरी फिल्टरच्या आधी छोटा प्रेशर कमी करणारा व्हॉल्व्ह लावून दिलेला, वरच्या मजल्यांवर नाही. त्यांना कळलेलं होतं, विचारलं मात्र कुणी नव्हतं.

सभेत दाखवलेला प्रयोग

काकांचं ४० टन वजनाचं म्हणणं सभेत बऱ्याच लोकांना पटलेलं होतं आणि नुसतं बोलून ते हलणार नव्हतं. म्हणून जिन्याच्या मोकळ्या जागेत अर्ध्या इंची पारदर्शक पाईप वरून सोडला, उभी उंची १० मीटर, खालच्या टोकाला गेज. वरून नरसाळ्याने पाणी ओतलं, हवा निघून जाईपर्यंत हळूहळू. सव्वा लिटर पाण्यात पाईप भरला आणि काटा १ किलोवर. मग सगळ्यांना घेऊन टेरेसवर टाकीच्या आउटलेटपाशी, तिथे तोच गेज लावला. डोक्यावर ४०,००० लिटर, काटा ०.२ वर.

काका बराच वेळ त्या काट्याकडे बघत राहिले आणि मग म्हणाले, "म्हणजे उंचीच. पाणी किती आहे त्याचा प्रश्नच नाही." बरोबर. कोयना धरण १०३ मीटर उंच आहे, मागे शिवसागर कित्येक किलोमीटर पसरलाय, पण भिंतीवर तळाशी येणारा दाब भिंतीपाशी पाणी किती खोल आहे त्यावर ठरतो, जलाशय मागे किती लांब गेलाय त्यावर नाही. सायमन स्टेव्हिनने १५८६ मध्ये हे मांडून ठेवलंय.

या सभेनंतर भांडण संपलं असं नाही म्हणणार, पण दोन फाईलींची एक झाली. वरचा आणि खालचा त्रास एकाच उंचीमुळे आहे आणि एका बाजूला हात लावला की दुसरी बाजू हलते, हे सगळ्यांना दिसलं.

समोर असलेले पर्याय

टाकी उंच करणं हा चौदाव्यावाल्यांचा आग्रह होता. शॉवरला दीड किलो हवं तर टाकी अजून ९ मीटर वर न्यावी लागेल, म्हणजे तीन मजल्यांएवढा सांगाडा आणि त्यावर ४० टन पाणी, भूकंपाचा विचार करता मूळ डिझाईनमध्ये नसलेली गोष्ट. आणि पहिल्या मजल्यावर ४.६ चे ५.५. हा पर्याय लगेच सोडला.

एका विक्रेत्याने टेरेसवर एकच मोठा पीआरव्ही, म्हणजे प्रेशर कमी करणारा व्हॉल्व्ह, बसवायचं कोटेशन दिलं होतं आणि कमिटी जवळपास सही करणार होती, स्वस्त आणि एका दिवसाचं काम म्हणून. पीआरव्ही आपल्या पुढचं प्रेशर ठरवलेल्या आकड्यावर धरून ठेवतो, पण टेरेसवर कमी करायला प्रेशर आहेच कुठे? तिथे लाईनमध्ये अर्ध्या किलोच्या आसपास. तो व्हॉल्व्ह कायम पूर्ण उघडाच राहिला असता, आणि त्याच्या खाली पाणी मजल्यागणिक ०.३ ने पुन्हा वाढतच गेलं असतं. उंचीने तयार होणारं प्रेशर उंची उतरल्यावरच कापता येतं. या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय माझ्या मते हा, ते कोटेशन थांबवणं.

मधल्या मजल्यावर ब्रेक प्रेशर टाकी, म्हणजे तिथे पाणी उघड्यावर येतं आणि खालच्यांची उंची तिथून नव्याने सुरू होते. तत्त्व एकदम पक्कं, बिघडण्यासारखं त्यात फारसं काही नाही, नवीन बिल्डिंग असती तर मी हेच सुचवलं असतं. इथे जागा फक्त रिफ्युज एरियात होती आणि ती आगीच्या वेळी लोकांनी थांबायची जागा, तिथे काहीही ठेवायचं नसतं. बाद.

प्रत्येक घरात वेगळे पीआरव्ही: ५६ घरं, घराला तीन लाईन, १६८ व्हॉल्व्ह. खालच्या निम्म्या घरांपुरते म्हटले तरी ८४, तेही बाथरूमच्या फॉल्स सीलिंगमध्ये, ज्याची देखभाल कुणीच करणार नाही.

उरलं ते आठव्या मजल्याच्या पातळीवर डक्टमध्ये प्रत्येक डाऊनटेकला एक, असे १२. आणि वरच्या दोन मजल्यांना वेगळी लाईन काढून छोटा प्रेशर पंप.

काय केलं

पीआरव्हीची जागा ठरवली ती २४ मीटर उंचीवर, तिथे वरून २.६ किलो येतात. पुढचं सेटिंग १ किलो. मग सातव्याच्या नळाला १.२ आणि पहिल्याला ३.०. वरच्या झोनमध्ये आठव्याला २.५ आणि पुढे मजल्यागणिक कमी. पहिल्यावर अजून कमी करावं असं दोन-तीन जणांचं म्हणणं होतं, पण १ किलोच्या खाली हे व्हॉल्व्ह नीट सेट होत नाहीत आणि सातव्याला मग कमी पडलं असतं.

प्रत्येक पीआरव्हीच्या आधी स्ट्रेनर म्हणजे गाळणी, दोन्ही बाजूंना बंद करायचे व्हॉल्व्ह, पुढच्या बाजूला कायमचा गेज. स्ट्रेनरवरून खर्चाची चर्चा झाली, पण इथे उन्हाळ्यात टँकर आणि बोअरचं पाणी चालतं, वाळू आणि क्षार भरपूर. पीआरव्हीच्या सीटवर एक कण अडकला की तो पूर्ण बंद होत नाही आणि रात्री पाणी थांबल्यावर खालचं प्रेशर हळूहळू चढत परत ४.६ वर जातं. दिवसा सगळं ठीक दिसतं, म्हणून गेज रात्री बघायचा.

आधी एकाच डाऊनटेकवर बसवलं, सगळ्यात जास्त तक्रारी असलेल्या. काही आठवडे रात्रीची वाचनं वॉचमनने वहीत लिहिली. ती स्थिर आहेत म्हटल्यावर बाकीचे ११. सेक्रेटरींनी हा थांबा आग्रहाने ठेवला, लोक घाई करत असतानाही, आणि त्यांचं मला खरंच कौतुक वाटतं कारण पहिल्याच व्हॉल्व्हचा स्ट्रेनर उघडल्यावर मूठभर गाळ निघाला, त्यावरून आधी टाकी धुवून आणि लाईन फ्लश करून घेतली.

वर तेराव्या-चौदाव्याचे जोड डाऊनटेकवरून काढून टेरेसवरच्या नव्या लूपला दिले. त्यावर प्रेशर पंप, पुढचं प्रेशर दीड किलोच्या आसपास. पंपाला बायपास आणि बायपासवर पाणी उलटं जाऊ न देणारा नॉन रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे लाईट गेली तरी उंचीचं पाणी चालू राहतं. जनरेटरवरही घेतला.

परिणाम

आता सगळ्या घरांत १ ते ३ किलोच्या आत आहे. भिंतीतला आवाज खालच्या मजल्यांवर जवळपास गेला. नंतरच्या पावसाळ्यात कनेक्शन पाईप फुटल्याची तक्रार एकच आली, तो जुना पाईप होता आणि गंजलेला. चौदाव्यावरच्या आजी शॉवरखाली बसून अंघोळ करतात.

तक्रार आली ती पहिल्या मजल्यावरून, "फोर्स कमी झाला." झालाच आहे. मोकळ्या नळातून येणारं पाणी प्रेशरच्या वर्गमुळाच्या प्रमाणात चालतं, ४.६ चे ३ झाले की धार साधारण पाचव्या हिश्श्याने कमी होते. गाडी धुणाऱ्यांना ते जाणवतं. दोन घरांनी शॉवरचं डोकं बदललं, बाकीच्यांना सवय झाली.

दुसऱ्या मजल्यावरच्या फर्निचरचा खर्च कुणी द्यायचा हे मात्र सुटलेलं नाही. कनेक्शन पाईप फ्लॅटच्या आतला म्हणून मालकाचा, असं कमिटी म्हणते. माझं मत विचारलं तेव्हा मी सांगितलं की पाईप मालकाचा असला तरी त्यावरचं प्रेशर सोसायटीच्या लाईनचं होतं, निदान अर्धा भार सोसायटीने उचलावा.

वेगळं काय करता आलं असतं

ताबा घेतानाच रात्रीची वाचनं मागायला हवी होती, वरचा मजला, मधला आणि खालचा, एवढी तीन पुरे. १४ मजल्यांना एकच झोन आहे हे तेव्हाच दिसलं असतं आणि डक्ट मोकळे असताना काम सोपं होतं. आता पीआरव्ही बसवताना दोन ठिकाणी भिंत फोडावी लागली.

तक्रारींची नोंद मजल्याप्रमाणे आणि वेळेप्रमाणे ठेवायला हवी होती. कमिटीच्या रजिस्टरमध्ये फ्लॅट नंबर आणि तारीख होती, वेळ नव्हती. फुटणं रात्रीचं आहे हे वॉचमनला विचारल्यावर कळलं, त्याला माहीत होतं.

गावाला जाताना नळ नाही, घराचे मेन व्हॉल्व्ह बंद करायचे, सोसायटीत हे कुणालाच सांगितलेलं नव्हतं आणि निम्म्या घरांत ते व्हॉल्व्ह कुठे आहेत हेही ठाऊक नव्हतं. आता प्रत्येक घरात टॅग लावलेत.

आणि माझ्या दृष्टीने एक गोष्ट अजून व्हायची आहे. सहावा मजला तेराव्या मजल्याच्या त्रासासाठी पैसे का देईल, हा प्रश्न सभेत पुन्हा येणार, कारण पंपाचं वीजबिल सामायिक आहे. मी कमिटीला लेखी दिलंय की पंप आणि पीआरव्ही दोन्ही एकाच कामाचे भाग धरा आणि देखभाल सगळ्यांच्या मेंटेनन्समधून करा, स्ट्रेनर दर तीन महिन्यांनी उघडा आणि १२ गेजची रात्रीची वाचनं महिन्यातून एकदा वहीत लिहा, कुठल्याही गेजवर दीडच्या वर आकडा दिसला तर त्याच आठवड्यात तो व्हॉल्व्ह खोलून साफ करा.